शिवरात्रीपर्यंत थांब

दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी प्रसन्न लिहा, असा आमच्या संपादकांचा दर वर्षी प्रेमळ आग्रह असतो. वर्षभर या सदरातून मी उत्तरपत्रिका, पाहुणे आणि पुण्यातली वाहतूक यांविषयी जी कुरकुर करीत असतो, तिची भरपाई निदान दिवाळीत तरी व्हावी, असा त्यामागे सद्हेतू असावा. यंदा एका वेलीविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "चला, फुलाबिलांचं काहीतरी आहे म्हणजे!" मी गप्प बसलो. कारण मला जिच्याविषयी लिहायचे आहे, ती वेल फुलांनी लहडलेली नाही. ती थंडीने काळवंडलेली आहे आणि कुंपणावर चिंधीसारखी लोंबते आहे. पण तिच्याविषयी बोलायला दिवाळीसारखी वेळ नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून घेताना आपल्या पाठीवरून जी पहिली शिरशिरी जाते, ती त्याच सुमारास अंगणातल्या वेलीलाही जाणवत असते. आपण कढत पाण्याचे दोन तांबे घेऊन मोकळे होतो. तिला शिवरात्रीपर्यंत तिथेच उभे राहायचे असते.

ही वेल तुमच्या ओळखीची आहे. एखाद्या लहान स्टेशनाच्या तारेच्या कुंपणावर तुम्ही ती नक्की पाहिली असेल. पान हाताच्या पंजासारखे, पाच बोटांचे. फूल फिक्या जांभळ्या रंगाचे, गळ्याशी गडद होत गेलेले, ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखे. सकाळी उमलते, दुपारी मिटते. मराठीत तिला गारवेल म्हणतात. साहेबाला ती रेल्वेच्या कुंपणावर भेटली म्हणून त्याने तिला 'रेल्वे क्रीपर' म्हटले. शास्त्रज्ञांच्या वहीत ती आयपोमिया कैरिका, म्हणजे कैरोची, या नावाने नोंदलेली आहे. बागवाले ज्यांना सरसकट मॉर्निंग ग्लोरी म्हणतात, त्या घराण्यातली ही एक. घराणे मोठे आहे. बदामी पानांची, गडद निळ्या फुलांची बारमाही वेल त्यातलीच. लाल चांदण्यांसारख्या फुलांची नाजूक गणेशवेल त्यातलीच. ती मात्र एका वर्षाची पाहुणी, बी टाकून निघून जाणारी. कोकणात समुद्राच्या पुळणीवर पसरते ती मर्यादवेल त्यातलीच, आणि गावोगावच्या ओढ्याकाठी माजलेला बेशरमही त्यातलाच. एकाच घरात एक देवाच्या नावाचा, एक मर्यादशील आणि एक बेशरम, म्हणजे आपल्या कोणाच्याही घराण्यासारखेच झाले! याच घराण्यातली आणखी एक सोशिक बहीण आहे. तिचे नाव पुढे सांगेन.

मराठीचा मास्तर असल्यामुळे व्याकरणाचा एक मुद्दा इथेच उरकून घेतो. 'वेल' हा शब्द मराठीत दोन्ही लिंगांत चालतो. ज्ञानेश्वरांच्या 'मोगरा फुलला' या रचनेत वेल पुल्लिंगी आहे. घराघरांत बहुधा स्त्रीलिंगी. आमच्या घरात दोन्ही नांदत. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, नेहमी 'तो वेल' म्हणत. आई 'ती वेल' म्हणत असे. कोण बरोबर, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा आई म्हणाली, "ज्यानं पाणी घातलं, त्यानं ठरवावं." पाणी आईच घालीत असे.

नाना रेल्वेत स्टेशनमास्तर होते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आमचे ब्रेकव्हॅनमध्ये असे. माझ्या आठवणीतले पहिले स्टेशन मनमाड आणि नाशिक यांच्या मधले, निफाड तालुक्यातले. दोन फलाट, लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या, चिंचेचे एक झाड आणि स्टेशनाला लागून आमचे क्वार्टर. पुण्यामुंबईच्या वाचकांना थंडी म्हटले की महाबळेश्वर आठवते. पण सपाटीवरची थंडी पाहायची तर निफाडला यावे. तिथला पारा ५ अंशांखाली उतरल्याची बातमी हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते, ती आपण चहाबरोबर वाचतो आणि विसरतो. तिथले द्राक्षबागाईतदार मात्र त्या रात्री झोपत नाहीत. बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे मोटार लावून पाणी सोडतात. कारण विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते.

मी आठ वर्षांचा असेन. पौषातल्या एका सकाळी उठून पाहतो तो क्वार्टरच्या कुंपणावरची गारवेल रात्रीतून काळी पडलेली. पाने उकडलेल्या भाजीसारखी. त्याच आठवड्यात साहेबांची तपासणी यायची होती. नानांना मदत करावी म्हणून मी विळा घेतला आणि सगळी वेल बुडापासून कापून टाकली. कुंपण लख्ख दिसू लागले. शाबासकी मिळेल म्हणून मी आईला बोलावले. ती दारात आली, कुंपणाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "अरे, तिचं पांघरूण काढलंस." आमचे पॉइंट्समनकाका हातातला झेंडा बगलेत मारून म्हणाले, "धाकले मास्तर, आता ती उठंल, आन् मरंल."

झालेही तसेच. आठदहा दिवस दुपारी बरे ऊन पडले. वेलीला वाटले, फाल्गुन आला. तिने बुंध्याशी कोवळे, पोपटी कोंब काढले. त्यानंतरच्या पहिल्याच कडक रात्री ते कोंब गेले. तिने पुन्हा काढले, पुन्हा गेले. साठवलेले सगळे असे दोनतीनदा खर्चून ती बसली ती पुन्हा उठली नाही. आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. दिवाळीच्या आधीच कापून घेतलेली एक फांदी तिने स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हातांवर, पाण्याच्या बाटलीत ठेवलेली होती. पेरापेराशी पांढरी मुळे सुटली होती. शिवरात्र झाल्यावर तिने ती त्याच जागी लावली. पुढे नानांची जिथे जिथे बदली झाली, तिथे तिथे ती वेल डालड्याच्या डब्यात बसून आमच्याबरोबर आली. २००६ साली नाना निवृत्त झाले, त्यांनी निफाड तालुक्यातच एका गावात लहानसे घर बांधले, तेव्हा पायाभरणीच्या नारळाआधी तिथे काही लावले गेले असेल तर ही वेल.

आता थोडे शास्त्र सांगतो. मास्तरकी अंगात आहे, आणि शिवाय ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

या वेली उष्ण देशांच्या लेकी. त्यांना दुखवायला पाणी गोठण्याइतकी थंडी लागत नाही. पारा १० अंशांच्या खाली रेंगाळू लागला की त्यांच्या पेशींची पातळ आवरणे ताठरतात, मुळे पाणी ओढीनाशी होतात, आणि जमिनीत ओल असूनही पाने तहानेने मान टाकतात. आपल्याला वाटते, पाणी कमी पडले. आपण आणखी एक बादली ओततो. थंड, ओल्या मातीत बसून मूळ कुजते. म्हणजे थंडीतून वाचलेली वेल पुष्कळदा आपल्या मायेने मरते.

दुसरी गोष्ट, थंडी सगळीकडे सारखी पडत नाही. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते, आणि सर्वांत गार वेळ येते ती सूर्योदयाच्या सुमारास. गार हवा जड, म्हणून ती खोलगट जागी साचते. दक्षिणेकडे तोंड असलेली दगडी किंवा विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू परत देते. म्हणून एकाच वेलीचा कुंपणावरचा भाग काळा पडतो आणि ओसरीच्या वळचणीला गेलेला भाग हिरवा राहतो. वर नुसते एक जुनेर टाकले तरी जमिनीची ऊब आभाळाला जाता जाता अडते.

तिसरी आणि मुख्य गोष्ट जमिनीखालची. थंड देशांत भुईच गोठते. तिथले हौशी लोक अशा वेलींची मुळे खणून काढतात, कुंड्या घरात नेतात, नाहीतर दर वर्षी नवी वेल लावतात. आपल्याकडे भुई गोठत नाही. पुण्याचा पारा १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांपर्यंत उतरला होता, तो पुण्याचा नीचांक. पण तो पाऱ्याचा, मातीचा नव्हे. चार बोटे खाली माती आपल्या जुन्या उबेत असते, आणि गारवेलीला खाली गाठीसारखे फुगलेले मूळ असते. वर्षभराची शिदोरी त्यात बांधलेली असते. वरचे सगळे गेले तरी खालचे राहते. त्याला फक्त एकच गोष्ट हवी असते, त्याला कोणी घाई करू नये.

मला हे सगळे पाठ होते. पाठ असणे आणि कळणे यांत केवढे अंतर असते, ते मी उत्तरपत्रिका तपासताना रोज पाहतो. माझ्या बाबतीत ते पाहायला २०२३ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. आईने ताईच्या यजमानांसाठी आपल्या हाताने अनारसे केले, वाण दिले, आणि निज श्रावणात चार दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन ती गेली. दिवस झाले. मी पुण्याला आलो, ताई ठाण्याला गेली. नाना त्या घरात एकटे राहिले. वय ७७.

दिवाळीला आम्ही सगळे तिकडे जमलो, तेव्हा नाना निम्मे झाले होते. दर रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणारा माणूस. घड्याळ सव्वाचारला थांबलेले होते. बोलणे 'हो' आणि 'नाही' यांच्या पलीकडे जात नव्हते. मग एकदा गॅसवर दूध ठेवून ते ओसरीवर जाऊन बसले. पातेले जळून काळे झाले, शेजारच्या वहिनी धावत आल्या म्हणून निभावले. रात्री ताईचा फोन आला. ती रडत म्हणाली, "आता तू बघणार आहेस की मी बघू?" मी ठरवले. घराला गिऱ्हाईक पाहिले. संक्रांतीनंतर नानांना पुण्याला आणायचे, घर फाल्गुनाच्या आत द्यायचे. आमच्या सौ. तेवढ्या म्हणाल्या, "अहो, त्यांना विचारलंत का?" मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? त्यांच्या भल्याचंच आहे."

जानेवारीत मी त्यांना आणायला गेलो. सकाळी अंगणात आलो तर कुंपणावरची वेल काळी पडलेली. आदल्या दोन रात्री कडाक्याच्या गेल्या होत्या. गिऱ्हाईक दुपारी घर पाहायला यायचे होते. दारातच हे असले दृश्य बरे दिसणार नाही म्हणून मी आतून कोयता आणला. नाना ओसरीवर शाल पांघरून बसले होते. उन्हाळे चाळीसच्या वर पाहिले तरी माणूस आठ वर्षांचाच राहतो, याचे मला आज नवल वाटते.

नाना म्हणाले, "या दिवसांत वेल हलवत नाहीत."

त्या महिन्यात मी ऐकलेले त्यांचे ते पहिले पूर्ण वाक्य. मी म्हणालो, "नाना, वेलीचं एवढं काय! पुण्याला बाल्कनीत आपण दुसरी लावू."

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अरे, तू कॉलेजात काय शिकवतोस?"

वाचकहो, मी कॉलेजात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवतो. शब्दाचा एक अर्थ दिसतो आणि दुसरा सुचतो, हे शेकडो मुलांना मी फळ्यावर खडू घासून समजावलेले आहे. सासरी निघालेली शकुंतला आश्रमातल्या वनज्योत्स्ना नावाच्या वेलीला बहीण म्हणून कवटाळते, त्या चौथ्या अंकाचे मोठेपण सांगताना तर माझा आवाज दाटून येत असे, अशी माझी ख्याती आहे. त्या सकाळी मात्र माझ्या हातात कोयता होता. समोर माझा बाप आपल्याविषयी बोलत होता, आणि मी वेलीविषयी ऐकत होतो.

कोयता खाली ठेवायला मला थोडा वेळ लागला. नाना म्हणाले, "शिवरात्रीपर्यंत थांब. मग म्हणशील ते करू."

गिऱ्हाइकाला मी फोन करून नाही म्हटले. ताईला समजावणे त्याहून कठीण गेले. ती म्हणाली, "वेलीसाठी थांबलास?" मी म्हणालो, "हो." दुसरे काही सांगता येईना. मात्र त्यांना तसेच सोडून यायचे नव्हते. शेजारच्या वहिनींनी ओळखीच्या एक बाई दोन वेळच्या स्वयंपाकाला लावून दिल्या. मी चार दिवस राहिलो, आणि निघताना नानांना एक साधा तापमापक देऊन आलो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा दुसरे काही हाताशी नव्हते.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा तापमापक ओसरीच्या खांबाला टांगलेला होता आणि खाली खुर्चीवर एक वही होती. पट्टीने रेघा मारून रकाने आखलेले, अगदी स्टेशनातल्या रजिस्टरासारखे. तारीख, वेळ, पारा, शेरा. रोज पहाटे पाचची नोंद. शेऱ्याच्या रकान्यात रोज तेच दोन शब्द, 'हालचाल नाही'. शेरा काही असो, नोंद एकही चुकलेली नव्हती. पहाटे पाचला उठायचे तर रात्री वेळेवर झोपणे आले, झोपायचे तर जेवणे आले. चाळीस वर्षे ज्यांनी घड्याळाबरहुकूम गाड्या सोडल्या, त्यांना पुन्हा ड्यूटी मिळाली होती. भिंतीवरचे घड्याळही चालू होते.

आणि वेलीची व्यवस्था? ती त्यांनी आईच्या शिस्तीने ठेवली होती. काळवंडलेल्या फांद्या तशाच. खालच्या बुंध्याला त्यांचेच पांघरूण. बुंध्याभोवती वाळल्या पाल्याचा चार बोटे थर, पण खोडाला न टेकणारा, नाहीतर ओल धरते. पाणी आठ दिवसांतून एकदाच, तेही सकाळी दहानंतर ऊन मातीत उतरल्यावर. संध्याकाळी थेंबही नाही. खत बंद. रात्री बुंध्यावर एक जुनी सुती साडी पसरायची, सकाळी काढून दोरीवर टाकायची. ताई आली तेव्हा ती साडी दोरीवर होती. तिने ती ओळखली. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यानंतर घर विकण्याचा विषय तिनेही काढला नाही.

थंडी शिव शिव म्हणत जाते, असे आपल्याकडे म्हणतात. २०२४ची महाशिवरात्र ८ मार्चला, शुक्रवारी होती. आम्ही सगळे आदल्या रात्रीच पोचलो. सकाळी बाईंनी उपासाची रताळी उकडून ताटलीत आणून ठेवली. नानांनी एक उचलले, सोलले आणि माझ्या मुलाला म्हणाले, "हे कोण आहे, ठाऊक आहे का? आपल्या वेलीची सख्खी बहीण. हिनं थंडीसाठी साठवलेलं आपण खातो." तीच ती सोशिक बहीण, जिचे नाव सांगायचे मी वर राखून ठेवले होते. रताळे याच आयपोमिया घराण्यातले. मूळ फुगवून त्यात पुढच्या दिवसांची तरतूद करण्याची त्याची आणि गारवेलीची रीत एकच. शिवरात्रीच्या उपासाला नेमके तेच ताटात यावे, यात आपल्या पूर्वजांनी काही योजले होते असे मी म्हणत नाही. त्या दिवसांत बाजारात ते असते म्हणून ते आले असेल. पण त्या दिवशी तो घास मला उगाच जड गेला.

मग आम्ही कुंपणाशी गेलो. नानांनी वाळली फांदी हातात धरली आणि अंगठ्याच्या नखाने तिची साल खरवडली. आत तपकिरी, कोरडे. एक वीत खाली पुन्हा खरवडले. कोरडेच. ताईने माझ्याकडे पाहिले. नाना वाकले. गुडघे धरत, एक एक करीत, ते जमिनीवर बसले. पालापाचोळा हाताने बाजूला सारला आणि अगदी बुंध्याशी नख लावले. सालीखाली ओली, हिरवी रेघ उमटली. तिच्या शेजारी मातीतून डोके काढणारे जांभळट, मिटल्या मुठीसारखे दोन कोंब.

"ती जिवंत आहे," नाना म्हणाले.

'ती' म्हणाले. व्याकरणाची चूक नव्हती ती, हे मी वर सांगितलेच आहे. पाणी आता नाना घालीत होते.

त्यानंतर त्यांनी स्वतः कात्री मागितली, वाळले तेवढे गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटून टाकले, आणि आत जाऊन वहीत त्या दिवसाची नोंद केली. मी चोरून वाचली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते : 'कोंब २. लाइन क्लिअर.'

रात्री जेवणे झाल्यावर मी म्हणालो, "नाना, शिवरात्र झाली. तुम्ही म्हणाला होतात." ते हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. म्हणाले, "मूळ इथं राहू दे. फांदी घेऊन जा." त्या चैत्रात ते महिनाभर पुण्याला आमच्याकडे राहिले, येताना मुळे फुटलेली एक फांदी डब्यात घालून आणली, बाल्कनीतल्या कुंडीत लावून दिली आणि पाडव्याच्या गुढीला तिच्या शेजारी उभे केले. मग परत गेले. आता दर वर्षी ते येतात आणि जातात.

हा निर्णय बरोबर होता, असे मी छातीठोकपणे सांगत नाही. रात्री अकरानंतर फोन वाजला की माझ्या काळजात अजून धस्स होते. वृद्ध माणसाला एकटे ठेवावे, असा सल्ला तर मी मुळीच देत नाही. प्रत्येक घराची हवा वेगळी, प्रत्येक वेलीची माती वेगळी. उद्या त्यांना हलवावे लागेलही. एवढेच म्हणतो, की कोणाच्याही आयुष्यात ऐन पौष चालू असताना त्याच्याविषयी कायमचे काही ठरवू नये. काळे पडलेले सगळेच मेलेले नसते, आणि नख लावायचे ते वर नव्हे, बुंध्याशी.

ज्यांच्या अंगणात किंवा गॅलरीत अशी बारमाही वेल असेल, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीतच चार कामे उरकावीत. पेरांसकट वीतभर लांबीच्या दोन फांद्या कापून, खालची पाने काढून, पाण्याच्या बाटलीत घालाव्यात आणि बाटली घरात उजेडाच्या पण उबदार जागी ठेवावी. हा विमा आहे. खत थांबवावे. पाणी कमी करावे. कुंडी असेल तर भिंतीलगत सरकवावी. कात्री मात्र माळ्यावर ठेवून द्यावी, शिवरात्रीनंतर काढण्यासाठी. आणि छाटलेल्या फांद्या नाल्याकाठी किंवा मोकळ्या जागी फेकू नयेत. पेराशी मुळे फुटून ती कुठेही रुजते आणि दुसऱ्याच्या झाडांवर चढून बसते. ऑस्ट्रेलियात तिने एवढा उच्छाद मांडला आहे, की तिथे ती फूल म्हणून नव्हे, तण म्हणून ओळखली जाते. छाटलेले उन्हात कडकडीत वाळवावे, मगच टाकावे. चिवटपणा हा गुण खरा, पण कुंपणाच्या आतला.

हे लिहीत असतानाच फोन आला. नानांचा. त्यांच्या फोनला नमस्कार-चमत्कार नसतात. पलीकडच्या स्टेशनाशी बोलावे तसे बोलतात.

"पुण्याचा पारा?"

"अजून विशेष नाही. पहाटे थोडं गार वाटतं."

"पाणी?"

"कमी केलंय."

"खत?"

"दसऱ्यालाच थांबवलं."

"कात्री?"

"माळ्यावर आहे, नाना. शिवरात्रीपर्यंत काढत नाही."

"ठीक," ते म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे माझे वाक्य पुरे होण्याआधी फोन ठेवला. मग मी बाल्कनीत गेलो. कठड्यावर सकाळची चार फुले उघडी होती. सौ. देवासाठी त्यांतले एक तोडायला निघाल्या होत्या, हात आखडता घेऊन म्हणाल्या, "राहू दे. दुपारी मिटेलच ते."